बांगलादेशी कपड्यांवर ‘बंदी’? आधी अधिसूचना वाचा

‘भारताने बांगलादेशी कपडे बंद केले, चिनी कापडाची चोरवाट बुजली, ढाक्याचा धंदा बसला, आता इचलकरंजी-भिवंडीची चांदी!’ मे 2025 पासून फिरणाऱ्या या फॉरवर्डमधलं जवळपास एकही वाक्य टिकत नाही.

कपडे बंद केले? डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या परकीय व्यापार महासंचालनालयाच्या, 17 मे 2025 च्या अधिसूचनेने तयार कपड्यांची आयात फक्त जमिनीवरच्या नाक्यांतून थांबवली. न्हावा शेवा आणि कोलकाता ही सागरी बंदरं खुलीच राहिली. भारतातून नेपाळ-भूतानला जाणारा माल वगळला होता. फटका बसला तो वेळेचा आणि भाड्याचा. आधी ढाक्याकडचा माल बेनापोल-पेट्रापोल या सीमानाक्यावरून ट्रकने यायचा. आता तो चितगावला न्या, कंटेनर भरा, न्हावा शेवासाठी बहुधा कोलंबोला जहाज बदला. दिवाळीचा माल दिवाळी उलटल्यावर हातात पडला तर करायचं काय? मोठ्या ब्रँडला हे झेपतं. ट्रकभर माल मागवणाऱ्या छोट्या आयातदाराकडे अख्ख्या कंटेनरची ऑर्डरच नसते.

चिनी कापड बांगलादेशात शिवून बिनशुल्क भारतात येतं, ती ‘चोरवाट’ बुजली हा मुद्दा सगळ्यात फसवा आहे, कारण या अधिसूचनेने आयातशुल्काला हातच लावला नाही. साफ्टा या दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारात अल्पविकसित देश म्हणून बांगलादेशाला 2011 पासून कपड्यांवर शुल्कमाफी आहे. अटी दोन. एक, मालाचं चार अंकी शुल्कशीर्षक (सीमाशुल्कासाठीचा मालाच्या प्रकाराचा क्रमांक) बदललं पाहिजे. कापड कापून शर्ट शिवला की ते बदलतंच. दुसरी, बाहेरच्या देशाचा कच्चा माल एफओबी किमतीच्या, म्हणजे जहाजावर चढवेपर्यंतच्या किमतीच्या, 70 टक्क्यांवर जाता कामा नये. म्हणजे 100 रुपयांच्या शर्टात 70 रुपयांपर्यंतचं कापड आणि बटणं चीनची असली तरी तो कायदेशीरपणे बांगलादेशी ठरतो. मग तो पेट्रापोलला उतरो की न्हावा शेवाला! ही वाट बुजवायची तर मूळदेशाचे, म्हणजे माल कोणत्या देशाचा मानायचा याचे, नियम बदलावे लागतील.

ढाक्याचं म्हणाल तर 2024-25 मध्ये बांगलादेशाची तयार कपड्यांची निर्यात सुमारे 39 अब्ज डॉलर होती. भारतात येणारा माल वर्षाला साधारण 70 कोटी डॉलरचा, दोन टक्क्यांच्याही आत. त्यांचं मुख्य गिऱ्हाईक युरोप आहे.

आणि इचलकरंजी-भिवंडी? तिथले यंत्रमाग मुख्यतः कोरं कापड विणतात, शर्ट शिवत नाहीत. आयात घटली तर पहिला फायदा तमिळनाडूतल्या तिरुपूरसारख्या शिलाईच्या केंद्रांना. उलट सुताच्या बाजूने तोटाच संभवतो. बांगलादेश हा भारतीय सुताचा फार मोठा खरेदीदार. त्याने एप्रिल 2025 मध्येच, म्हणजे आपल्या अधिसूचनेच्या महिनाभर आधी, जमिनीवरून येणारं भारतीय सूत थांबवलं होतं. कारण तिकडच्या गिरण्यांची स्वस्त भारतीय सुताबद्दलची ओरड. सुताला समुद्रमार्ग उरला, पण ट्रकने सीमेपार होणारी गाठोडी आता भारतीय गिरणीवाल्यालाही कंटेनरमध्ये भरावी लागतात, आणि वाढलेलं भाडं कोणी सोसायचं यावर सौदा अडतो.