द्विपद वितरणात ‘समजून घेण्यासारखं काही नाही’?

परीक्षा जवळ आली की विद्यार्थ्यांच्या गटांत एक संदेश फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: द्विपद वितरण (ठरावीक प्रयत्नांत किती यशं मिळतील याच्या संभाव्यता) हा सगळ्यात सोपा धडा, त्यात समजून घेण्यासारखं काही नाही. प्रश्नातून एन (प्रयत्नांची संख्या) आणि पी (एका प्रयत्नात यशाची संभाव्यता) उचला, सूत्रात घाला. ‘किमान’ आलं की १ मधून शून्याची संभाव्यता वजा करा. सूत्रातला एन सी आर (एन जागांतून आर जागा निवडण्याचे मार्ग) कुठून आला हे विचारत बसू नका. सर्वाधिक शक्यतेची संख्या विचारली तर एन गुणिले पी. आणि उत्तर पडताळण्यात वेळ घालवू नका.

धडा सोपा आहे, हे मला मान्य आहे. सूत्र पाठ असावं, हेही मान्य. बाकी सगळ्याला माझा ठाम विरोध आहे. यातला जवळजवळ प्रत्येक नियम काही गणितांत बरोबर उत्तर देतो, म्हणूनच तो धोक्याचा आहे. घरी पाच गणितं सुटतात, सहावं चुकतं, आणि ते का चुकलं हे मुलाला कळतच नाही.

पहिला दावा, ‘एन आणि पी दिसले की सूत्र’. एका खोक्यात १० बल्ब आहेत, त्यांतले ३ सदोष. परत न ठेवता ४ बल्ब काढले, तर नेमका १ सदोष निघण्याची संभाव्यता किती? संदेशाप्रमाणे एन ४, पी ०.३. आर यशांसाठी सूत्र असं: एन सी आर, गुणिले पी चा आर-वा घात, गुणिले (१ वजा पी) चा (एन वजा आर)-वा घात. इथे ते सांगतं ४ × ०.३ × ०.३४३ (०.७ चा घन), म्हणजे ०.४११६. खरं उत्तर मोजून काढू. ३ सदोषांतून १ निवडण्याचे ३ मार्ग, ७ चांगल्यांतून ३ निवडण्याचे ३५, आणि १० मधून ४ निवडण्याचे एकूण २१०. म्हणजे १०५ भागिले २१०, बरोबर ०.५. फरक लहान नाही. त्याहून बोलकी गोष्ट पुढे आहे. त्याच सूत्राला ‘चारही सदोष निघण्याची संभाव्यता किती’ असं विचारा. ते ०.००८१ सांगेल. खोक्यात सदोष बल्ब आहेतच तीन!

सूत्राची यात काही चूक नाही, ते चुकीच्या जागी वापरलं गेलं. द्विपद वितरणाला चार अटी लागतात: प्रयत्नांची संख्या आधीच ठरलेली, प्रत्येक प्रयत्नाचे दोनच निकाल, यशाची संभाव्यता दर वेळी तीच, आणि एका प्रयत्नाचा दुसऱ्यावर परिणाम नाही. अशा प्रयत्नांना बर्नुली चाचण्या म्हणतात. ज्याच्या नावाने त्या ओळखल्या जातात, त्या याकोब बर्नुलीचं या विषयावरचं लेखन १७१३ साली, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी छापलं गेलं. आपल्या खोक्यात पहिला बल्ब सदोष निघाला की उरलेल्या ९ मध्ये २ च सदोष राहतात. म्हणजे दुसऱ्या प्रयत्नाचा निकाल पहिल्यावर अवलंबून आहे, चौथी अट तिथेच मोडली. प्रत्येक बल्ब पाहून परत ठेवला असता तर मात्र ०.४११६ हेच उत्तर. ‘परत ठेवून’ की ‘न ठेवता’, एवढ्या दोन शब्दांवर अख्खं गणित फिरतं.

हुशार विद्यार्थी इथे विचारतो, मग कारखान्याच्या मालाची गणितं द्विपद वितरणाने कशी सोडवतात, तिथेही माल परत ठेवत नाहीत ना? रास्त प्रश्न आहे. १००० बल्बांत ३०० सदोष धरून तेच गणित करा. नेमकं उत्तर सुमारे ०.४१२३ येतं आणि सूत्राचं ०.४११६. साठा नमुन्यापेक्षा खूप मोठा असेल तर चार बल्ब काढल्याने प्रमाण जवळपास हलत नाही, म्हणून सूत्र चालतं. पण ते का चालतं हे माहीत असलेलाच ते कुठे चालणार नाही हे ओळखू शकतो.

दुसरा दावा ‘किमान’चा. ‘किमान एक’ असेल तर १ वजा शून्याची संभाव्यता हे बरोबर आहे. ‘किमान दोन’ला तोच नियम लावला की घसरण होते. हा प्रश्न किती जुना आहे पाहा. १६९३ मध्ये सॅम्युएल पीप्स या इंग्रज रोजनिशीकाराने आयझॅक न्यूटनला पत्र लिहून विचारलं होतं: ६ फासे टाकून किमान एक षटकार (फाशावर सहा पडणं), १२ टाकून किमान दोन, की १८ टाकून किमान तीन, यांत जास्त शक्यता कशाची? पीप्सला तिसरा पर्याय सरस वाटत होता. न्यूटनने पहिला सांगितला. उत्तरं अनुक्रमे ०.६६५१, ०.६१८७ आणि ०.५९७३ अशी आहेत.

मधलं गणित करून बघू. १२ फाशांत एकही षटकार नाही, याची संभाव्यता ५/६ चा बारावा घात, सुमारे ०.११२२. नेमका एक षटकार, १२ × १/६ × ५/६ चा अकरावा घात, सुमारे ०.२६९२. दोन्ही १ मधून वजा केले की ०.६१८७ च्या आसपास उत्तर येतं (शेवटचा अंक दशांश तोडल्याने थोडा हलतो). संदेशाच्या नियमाने आलं असतं ०.८८७८, आणि न्यूटनच्या उलटा निष्कर्ष निघाला असता. नियम पाठ करण्याऐवजी आधी शून्यापासून एनपर्यंतच्या संख्या ओळीत लिहाव्यात, हव्या असलेल्यांभोवती गोल करावा, आणि ज्या बाजूला कमी संख्या आहेत ती बाजू मोजावी. ‘जास्तीत जास्त’, ‘पेक्षा कमी’, ‘पेक्षा अधिक’ सगळे प्रश्न एवढ्याने सुटतात.

‘एन सी आर कुठून आला विचारू नका’ हा सल्ला मला सर्वांत जास्त खटकतो. एक फासा चारदा टाकला आणि नेमके दोन षटकार हवे आहेत. पहिल्या दोन फेकींत षटकार आणि पुढच्या दोनांत नाही, या एका क्रमाची संभाव्यता २५/१२९६. पण ते दोन षटकार चार जागांपैकी कुठल्याही दोन जागी बसू शकतात, असे सहा क्रम आहेत. म्हणून १५०/१२९६. एन सी आर म्हणजे हे क्रम मोजणं. हे डोक्यात असेल तर पुढचं गणित फसवत नाही: तिसरा षटकार बरोबर पाचव्या फेकीतच पडण्याची संभाव्यता किती? आंधळेपणाने ५ सी ३ घेतला की १० क्रम येतात. पण पाचवी जागा ठरलेली आहे. उरलेले दोन षटकार पहिल्या चार फेकींत बसवायचे, म्हणजे क्रम ६ च. उत्तर १५०/७७७६, सुमारे ०.०१९३. दहा क्रम धरणाऱ्याचं उत्तर ०.०३२२ होतं.

सर्वाधिक शक्यतेच्या संख्येबद्दल थोडक्यात. एन गुणिले पी हा मध्य, म्हणजे सरासरी, आहे. नाणं पाचदा उडवलं तर मध्य २.५, आणि अडीच छापे कधीच पडत नाहीत. जवळच्या पूर्णांकात घ्यावं म्हणाल तर फासा दहादा टाका: मध्य १.६७, जवळचा पूर्णांक २. प्रत्यक्षात एका षटकाराची संभाव्यता ०.३२३० आणि दोनांची ०.२९०७. आणि सर्वाधिक शक्यता म्हणजे मोठी शक्यता असंही नाही. १०० वेळा नाणं उडवून नेमके ५० छापे येण्याची संभाव्यता ०.०८ हूनही किंचित कमी आहे.

राहिला पडताळणीचा मुद्दा. ‘मध्य ४, प्रचरण ५’ असा प्रश्न आला तर पाहा: प्रचरण (निकाल मध्याभोवती किती पसरतात याचं माप) म्हणजे एन × पी × क्यू, आणि क्यू म्हणजे १ वजा पी, अपयशाची संभाव्यता. म्हणून प्रचरणाला मध्याने भागलं की क्यू १.२५ येतो. संभाव्यता १ हून मोठी, म्हणजे असं द्विपद वितरण असूच शकत नाही. हे दिसायला काही सेकंद लागतात. शिवाय एका संख्येच्या संभाव्यतेवरून पुढचीवर जाता येतं: आर यशांच्या संभाव्यतेला (एन वजा आर) भागिले (आर अधिक १) ने गुणा, मग पी भागिले क्यू ने. १२ फाशांत पी भागिले क्यू १/५ आहे. शून्यावरून एकाकडे जाताना गुणक १२/१ × १/५, म्हणजे २.४, ०.११२२ ला त्याने गुणलं की वरचं ०.२६९२ जवळपास तंतोतंत मिळतं. पुढचा गुणक ११/२ × १/५, म्हणजे १.१, त्यावरून दोन षटकारांची संभाव्यता ०.२९६१. त्यापुढचा १०/३ × १/५, एकाहून लहान. म्हणजे संभाव्यता इथून उतरू लागतात, आणि सर्वाधिक शक्यता दोन षटकारांचीच, हेही त्याच ओळीत हाती लागतं.