दारात पोलीस

त्याने आईचे मंगळसूत्र दोन बोटांनी उचलून मानेमागे सरकवले, ब्लाउज कात्रीने मधोमध कापला, एक पॅड उजव्या खांद्याखाली आणि दुसरे डाव्या बरगड्यांवर चिकटवले. झटका देणारे यंत्र बोलायला लागले. त्याने माझ्या बायकोला मनगट धरून मागे ओढले, ‘कुणीही हात लावू नका’ म्हणाला आणि बटण दाबले. आईचे अंग एकदा हिसक्याने उडाले. लगेच तो पुन्हा गुडघ्यांवर बसून तिची छाती दाबू लागला, मोठ्याने आकडे मोजत.

तो डॉक्टर नव्हता, रुग्णवाहिकेतलाही नव्हता. गस्तीवरचा साधा पोलीस होता. कमरेला पिस्तूल आणि बेड्या, छातीवर कॅमेरा, कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू. फोन लावल्यापासून चौथ्या मिनिटाला तो आमच्या स्वयंपाकघरात होता. रुग्णवाहिका नवव्या मिनिटाला आली.

आम्ही न्यू जर्सीत राहतो, सतरा वर्षे झाली. आई एकाहत्तर वर्षांची. सहा महिन्यांसाठी आली होती, परतायला तीन आठवडे उरले होते. संध्याकाळी ओट्यापाशी उभी असताना काही न बोलता खाली बसली आणि आडवी झाली. हृदय थांबले आहे हे मला कळलेच नाही, मला वाटले चक्कर आली. आणि इथे माझी लाज सांगून टाकतो. मी पहिला फोन ९११ या इथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला केलाच नाही. ओळखीतल्या एका मराठी डॉक्टरला लावला. त्याने उचलला नाही, म्हणून पुन्हा लावला. तेवढ्यात बायको आतून आली, आईकडे एकदा पाहिले, माझ्यावर ओरडली आणि तिने तिच्या फोनवरून ९११ लावला. माझ्या त्या दोन फोनांत किती वेळ गेला ते नंतर मोबाइलमध्ये पाहिले. जवळजवळ दोन मिनिटे. हृदय बंद पडल्यावर छाती दाबली नाही आणि विजेचा झटका दिला नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. हे मला इस्पितळात कळले. तेव्हापासून तो हिशेब मी रोज करतो.

९११ वरच्या बाईने पत्ता विचारला, मग ‘शुद्धीवर आहेत का, श्वास चालू आहे का’ एवढेच. उत्तर ऐकताच फोन स्पीकरवर ठेवायला लावला आणि बायकोला छाती कशी दाबायची ते सांगायला लागली. मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान ५ सेंटिमीटर खोल. ‘बरगडी मोडेल हो,’ बायको म्हणाली. ‘मोडू दे, थांबू नकोस,’ उत्तर आले. दोन मोडल्या.

आमच्या गावची रुग्णवाहिका स्वयंसेवक चालवतात. त्यांच्यामागोमाग पॅरामेडिक, म्हणजे जागेवरच पुढचे उपचार करणारे प्रशिक्षित लोक, आले. न्यू जर्सीत ते इस्पितळाच्या नोकरीतले असतात आणि वेगळ्या गाडीने येतात. ओटा ते दार एवढ्या जागेत सात माणसे झाली. पोलिसाचे काम तिथे संपायला हरकत नव्हती. पण त्याने आधी गॅस बंद केला, जो आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात नव्हता. बाहेरच्या खोलीतली चादर आणून आईवर पांघरली. ‘त्या रोज कोणती औषधे घेतात?’ विचारून सगळ्या गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत भरली आणि पॅरामेडिकच्या हातात दिली. मग आमच्या नऊ वर्षांच्या मुलाला हात धरून बाहेर नेले आणि गाडीचे दिवे दाखवत बसला. आजीला स्ट्रेचरवरून नेताना मुलाची तिकडे पाठ होती. ती पाठ त्याने मुद्दाम तशी केली होती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

आई वाचली. अँजिओप्लास्टी झाली, छातीत एक छोटे यंत्रही बसवले. पॅरामेडिकपासून भूलतज्ज्ञापर्यंत सगळ्यांची बिले आली, पोलिसाचे आले नाही. पाहुण्यांच्या विम्यातल्या ‘आधीपासूनचा आजार’ या कलमावर विमा कंपनीशी माझी भांडणे अजून चालू आहेत. तो विषय काढला तर हा लेख कृतज्ञतेचा राहणार नाही.

आठवड्याने मी हे सगळे घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिले आणि व्हायचे तेच झाले. मामेभाऊ म्हणाला, ‘आपल्याकडे असती तर पोलिसाने आधी विचारले असते, म्हातारी पडली की पाडली?’ हसण्याच्या बऱ्याच खुणा पडल्या. चुलतबहिणीचे यजमान पोलिसात आहेत. तिने सुनावले, ‘त्या तुमच्या गोऱ्याला दहा दिवस गणपतीच्या बंदोबस्ताला उभा करा, मग त्याची माणुसकी बघू.’ तिसऱ्याने २०१५ सालच्या अलाबामातल्या घटनेचा व्हिडिओ टाकला. पुढचे दोन दिवस आईची चौकशी कुणी केली नाही. वाद मात्र जोरात चालला.

मला तिघांशीही थोडे बोलायचे आहे.

अलाबामापासून सुरू करतो, कारण ती गोष्ट माझ्या जवळची आहे. मॅडिसन नावाच्या गावात गुजरातहून मुलाकडे आलेले एक आजोबा, नातवाला सांभाळायला. सकाळी मुलाच्या घरासमोरच्या रस्त्यावर फिरत होते. कुणीतरी पोलिसांना कळवले की एक अनोळखी माणूस घरांकडे बघत हिंडतोय. पोलीस आले, आजोबांना इंग्रजी येईना. एकाने त्यांना हात मागे धरून जमिनीवर आपटले. मानेला मार बसून अंग अंशतः लुळे पडले. खटला चालला, दोनदा ज्यूरीचे एकमत झाले नाही, शेवटी न्यायाधीशांनी त्या पोलिसाला सोडून दिले.

माझी आईही अशीच. मुलाकडे आलेली, ‘येस’ आणि ‘थँक्यू’ एवढेच इंग्रजी, सकाळी फिरायला जायची सवय. दोन्हीकडे पोलीस एका फोनवर आले. आमच्याकडे ‘हिला वाचवा’ म्हणणारा फोन होता. तिकडे ‘हा कोण?’ म्हणणारा होता. त्याच देशाचे, तशाच गणवेशातले पोलीस. म्हणून ‘तिकडचे पोलीस देवमाणूस’ असे माझ्या नावावर कुणी खपवू नये. मी आमच्या गावातल्या एका फोनबद्दल बोलू शकतो. इथे पोलीस गावाच्या तिजोरीतून पोसले जातात, आणि मालमत्ता कर न्यू जर्सीइतका देशात कुठेच नाही. पैसेवाल्या गावाची गस्त दाट असते. चार मिनिटांत आलेल्या गाडीत त्याचाही वाटा आहे, आणि हे लिहिताना मला फार बरे वाटत नाही.

त्याच्या छातीवरच्या कॅमेऱ्याचेही तसेच. २०२० च्या मे महिन्यात मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइड पोलिसाच्या गुडघ्याखाली मेला, देशभर लोक रस्त्यावर आले. त्याच वर्षी न्यू जर्सीने कायदा केला आणि २०२१ पासून गस्तीवरच्या पोलिसांना कॅमेरा सक्तीचा झाला. म्हणजे माझ्या आईवर चादर पांघरणारा हात ज्या कॅमेऱ्याने टिपला, तो पोलिसांवर विश्वास नसलेल्या लोकांनी लावायला भाग पाडला होता. ‘पोलिसांवर टीका करू नका, त्यांचे आभार माना’ असे आपल्याकडे अधूनमधून बजावले जाते. मी आभार मानतोच आहे. पण आज ज्या गोष्टीचे आभार मानावेत, त्यातली बरीचशी कालच्या तक्रारीतून आलेली असते.

आता मामेभावाकडे. त्याचा विनोद मला हसवत नाही, कारण २००३ साली एका महामार्गावर मी वेगळेच पाहिले आहे. टेम्पोने उडवलेला एक माणूस रस्त्याच्या कडेला पडला होता. मी आणि मित्र मोटरसायकल लावून थांबलो. पुढच्या चौकीतला हवालदार पळत आला, त्याने जाणाऱ्या जीपला आडवे होऊन थांबवले, जखमीला आत घेतले आणि स्वतः मागे बसून त्याचे डोके मांडीवर घेतले. डोक्यातून रक्त येत होते. हवालदाराकडे काय होते? एक रुमाल. खिशातला, घडी घातलेला. तो दाबून धरत त्याने अर्धा तास काढला. इस्पितळाच्या दारात विचारणा झाली की अपघात कुणाच्या हद्दीत झाला आणि कागद कुठे आहे. हवालदार तिथे ओरडला, आम्ही ओरडलो. मग आम्हा दोघांना जबाबासाठी ठाण्यात नेले. बाकावर बसलो ते रात्री दीडपर्यंत. तो माणूस वाचला की नाही, मला आजवर माहीत नाही. बाहेर पडताना मित्र म्हणाला, ‘पुन्हा थांबायचं नाही.’ मी मान हलवली.

त्या हवालदारात आणि आमच्या इथल्या पोलिसात माणूस म्हणून मला फरक दिसत नाही. याच्या डिकीत झटका देणारे यंत्र होते, ऑक्सिजनची नळकांडी होती आणि ती वापरायचे शिक्षण त्याला दिलेले होते. त्याच्याकडे रुमाल होता. आपल्याकडे पोलिसाबद्दल बोलताना आपण दोनच टोके पकडतो. एकीकडे हप्ता, दुसरीकडे लाठीनिशी कसाबच्या बंदुकीला भिडलेले तुकाराम ओंबळे. मधल्या रुमालवाल्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि पोलीस खात्यात संख्येने तोच जास्त असणार.

कागदावर आपण मागे आहोत असेही नाही. जखमीवर आधी उपचार करा, पोलिसी सोपस्कार नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ सालीच सांगितले. म्हणजे माझ्या त्या रात्रीच्या चौदा वर्षे आधी. अपघातात मदत करणाऱ्याला नाव सांगायची वा साक्षीची सक्ती नको, हे २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने पक्के केले आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलमच आले. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. इथे ऐकून लोक चकित होतात, कारण इथल्या रुग्णवाहिकेत डॉक्टर नसतोच. पण रुग्णवाहिका कितीही चांगली असली तरी ती रस्त्यातून वाट काढत येणार. त्याआधीच्या मिनिटांत जवळ कोण असते? बऱ्याचदा पोलीस. नाक्यावर, चौकीत, बंदोबस्तावर. त्याच्या हातात काय दिले आहे, हा प्रश्न ग्रुपवर कुणी विचारला नाही.

चुलतबहिणीचे म्हणणे मात्र मी मानतो, आणि तिला तसे फोन करून सांगितलेही. मुंबईत देवनार ठाण्यात २०१६ साली आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला तेव्हा त्याची बातमी झाली होती. पोलिसाने आठ तासच काम करणे ही बातमी! तिचे यजमान सणावारी घरी असल्याचे मला आठवत नाही. ज्याला स्वतःच्या आईला डॉक्टरकडे न्यायला रजा मिळत नाही, त्याने दुसऱ्याच्या आईपाशी गुडघे टेकून बसावे, ही अपेक्षा मी इथून बसल्या जागी करणार नाही.

मग माझी तक्रार आहे तरी काय? ती माझ्याबद्दलच आहे. समोर आई पडलेली असताना, सतरा वर्षे इथे राहून, माझे बोट ९११ कडे गेले नाही. ओळखीच्या नंबराकडे गेले. हे मी इथे शिकलो नाही, घरून घेऊन आलो. आमच्या घरात कुणाला काही झाले की पहिला प्रश्न असायचा, ‘तिथे कुणी ओळखीचं आहे का?’ इस्पितळात ओळख, ठाण्यात ओळख, रेशनच्या कचेरीत ओळख. तीन आकडी नंबर हा ज्यांचे कुणी नाही अशांसाठी असतो, असे कुठेतरी मनात पक्के बसलेले आहे. आता तिकडे भारतातही मदतीसाठी ११२ आहे, १०८ आहे. पण ग्रुपवरच्या तेहतीस जणांना मी विचारले की रात्री दोन वाजता वडील पडले तर पहिला फोन कुणाला? एकवीस जणांनी उत्तर दिले. सोळा जणांनी माणसाचे नाव लिहिले. मामेभावाने माझे लिहिले. मी न्यू जर्सीत आहे.

आई घरी आल्यावर आम्ही तिला सगळे सांगितले. सगळे ऐकून तिने पहिला प्रश्न विचारला, ‘पोलीस घरात आला होता? शेजारच्यांनी पाहिलं का?’

महिन्याभराने तिनेच हट्ट धरला की त्या मुलाला भेटायचे. तो चाळिशीचा असेल, पण जीव वाचवणारा तिच्या लेखी मुलगाच. आम्ही ठाण्यात गेलो. खिडकीतल्या माणसाने त्याला आतून बोलावले. त्याने आईला उभी असलेली कधी पाहिलीच नव्हती, त्यामुळे क्षणभर ओळखले नाही. मग त्याची नजर मंगळसूत्रावर गेली आणि तो हसला. आईने त्याच्या हाताला हात लावून तो कपाळाला टेकवला. मी भाषांतर करायला गेलो तर दोघांनीही माझ्याकडे पाहिले नाही.

मग तिने पिशवीतून एक पाकीट काढले आणि पुढे केले. त्याने दोन्ही हात वर करून एक पाऊल मागे घेतले. नातवाने काढलेले चित्र मात्र घेतले. आत नेऊन भिंतीवर लावतो म्हणाला.

गाडीत बसेपर्यंत आई गप्प होती. पट्टा लावताना हळूच म्हणाली, ‘कमी वाटले का रे त्याला?’