रॉ उघडत नाही म्हणून कार्ड फॉरमॅट मारू नका!

लग्नसराई तोंडावर आली की आमच्या परभणी-लातूरकडच्या फोटोवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्यात चार गोष्टी ठासून सांगितलेल्या असतात. रॉ फाइल (जेपेग होण्याआधीचा कॅमेऱ्याचा कच्चा माल) उघडली नाही तर कार्ड खराब आहे, फॉरमॅट मारा. नाहीतर फाइलच्या नावाच्या शेवटचं सीआर3 (कॅननची नवी रॉ) खोडून सीआर2 (कॅननची जुनी रॉ) करा. रॉ म्हणजे रॉ, कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये रंग तोच येतो. आणि रॉ ची डीएनजी (अडोबीचा रॉ फॉरमॅट) करून मूळ फाइली उडवा, डीएनजी सगळीकडे चालते.

पहिली गोष्ट सगळ्यात घातक. मागच्या सीझनला ओळखीच्या एका पोराने गंगाखेडच्या लग्नासाठी नवा मिररलेस कॅमेरा भाड्याने आणला. रात्री घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर एकही फाइल उघडेना. "दादा, कार्ड गेलं!" म्हणून रडवेला फोन. मी विचारलं, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो दिसतात का? दिसत होते. मग कार्डाला बोल लावण्याआधी सॉफ्टवेअरचं वय विचार की! कॅननची सीआर3 फाइल आली 2018 मध्ये, ईओएस एम50 सोबत. एकदाच पैसे भरून मिळणाऱ्या लाइटरूम 6 या अडोबीच्या फोटो एडिटरचं शेवटचं अपडेट डिसेंबर 2017 चं. जन्माआधीची ओळख कुठून असणार? आणि नावाचं शेपूट तेच असलं तरी भागत नाही. निकॉनची रॉ फाइल, एनईएफ, वर्षानुवर्षं एनईएफच आहे, पण प्रत्येक नवं मॉडेल सॉफ्टवेअरला वेगळं शिकवावं लागतं.

नाव बदलण्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. सीआर2 ची आतली घडण टिफ या फोटो फॉरमॅटची, सीआर3 ची एमपी4 या व्हिडिओ फॉरमॅटच्या कुळातली. दारावरची पाटी बदलून काय होणार?

रंगाचा दावा मात्र चांगल्या जाणत्या लोकांनाही पटतो. रॉ मध्ये तयार फोटो नसतोच, सेन्सरने मोजलेला उजेड असतो. बहुतेक कॅमेऱ्यांत प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजला जातो. उरलेले दोन सॉफ्टवेअर शेजारच्या ठिपक्यांवरून काढतं. फुजीच्या एक्स-ट्रान्स सेन्सरवर तर या ठिपक्यांची मांडणीही निराळी. त्यावर प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीचं आपलं रंगांचं प्रोफाइल, म्हणजे कुठला रंग कसा दाखवायचा याची कृती, चढतं. म्हणून हळदीच्या कार्यक्रमाची एकच फाइल एकीकडे लिंबासारखी पिवळी, तर दुसरीकडे केशरी दिसते. फाइल उघडल्यावर फोटो क्षणभर झकास दिसतो आणि लगेच फिका पडतो, हे तुम्ही पाहिलंच असेल. आधी दिसते ती कॅमेऱ्याने रॉ च्या पोटात ठेवलेली जेपेग, नंतरचा सॉफ्टवेअरचा स्वतःचा हिशोब. उजेड-रंग कमीजास्त करायच्या स्लायडरचंही तसंच. एक्सएमपी, म्हणजे केलेल्या कामाची नोंद ठेवणाऱ्या छोट्या फाइलमधून स्टार, कीवर्ड दुसरीकडे जातात, पण इथलं प्लस 30 तिथे प्लस 30 राहत नाही. केलेलं काम दुसऱ्या एडिटरकडे द्यायचं तर 16 बिट टिफ काढून द्या.

डीएनजीबद्दल मेसेज अर्धा खरा आहे. अडोबीने 2004 मध्ये आणलेला हा खुला फॉरमॅट, कन्व्हर्टरही फुकट, आणि जुन्या सॉफ्टवेअरवाल्यांना खरोखर तारतो; फक्त कन्व्हर्टर ताजा हवा. पण 'सगळीकडे' चालत नाही. कॅननचं स्वतःचं सॉफ्टवेअर 'डिजिटल फोटो प्रोफेशनल' डीएनजी उघडत नाही, त्याला मूळ फाइलच लागते. ती उडवली असेल तर परतीची वाट बंद. हार्डडिस्क महाग वाटते, मान्य. पण नवरा-नवरीला पुन्हा बोहल्यावर उभं करता येत नाही.

जाता जाता एक: निकॉन झेड8, झेड9 वाल्यांनी डार्कटेबलसारखं फुकट रॉ सॉफ्टवेअर वापरायचं असेल तर कॅमेऱ्याच्या रॉ सेटिंगमध्ये 'हाय एफिशियन्सी' ऐवजी 'लॉसलेस कम्प्रेस्ड' ठेवावं. 'हाय एफिशियन्सी' फाइलींनी फुकटवाल्यांना बराच काळ रडवलंय.

गंगाखेडच्या पोराने त्याच रात्री सगळ्या फाइलींची डीएनजी केली, मूळ फाइली वेगळ्या डिस्कवर ठेवल्या. हळद केशरी का येते म्हणून मात्र अजून फोन करतो. प्रोफाइल बदल म्हटलं, तर ऐकत नाही.