साचा एक, मतं पंधरा

मासेमारीच्या गळाला लावायच्या शिशाच्या वजनांचे साचे मिळून करून घेऊ म्हटलं की पंधरा जण 'मी पण, भाऊ' म्हणतात. आगाऊ रक्कम मागा, सहाच उरतात! हिंगण्याच्या एमआयडीसीत एक साचा कापा नाहीतर पंधरा, ड्रॉइंग, प्रोग्रॅम आणि मशीन लावण्याचा खर्च तेवढाच. नऊ जण गळाले की तो उरलेल्या सहांच्या डोक्यावर.

मग ड्रॉइंग पक्कं झाल्यावर कोणीतरी उगवतो: '३० ग्रॅमऐवजी ६० करा ना, थोडंच तर मोठं करायचंय.' राजेहो, वजन दुप्पट म्हणजे व्यास दुप्पट नव्हे, सगळी मापं साधारण १.२६ पट. म्हणजे पोकळी नवी, तारेच्या कडीची खाच नवी, कधी कधी ॲल्युमिनियमचा ठोकळाही नवा.

आणि साचा हातात पडल्यावर तक्रार: 'वजनाला सुरकुत्या येतात, साचा भंगार आहे.' थंड साच्यात ओतलं तर सुरकुत्या येणारच! साचा आधी तापवा, पहिली चार-पाच वजनं परत मुशीत टाका. कडा अर्धवट राहतात? हवा जायच्या बारीक रेघा काजळीने बुजल्यात, साफ करा. गाड्यांच्या चाकांना तोल साधायला लावतात ती वजनं वितळवताय तर जस्ताची आधी वेगळी काढा. शिसं ३२७ अंशांना वितळतं, जस्त ४१९ ला, आच वाढली की ते मिसळून सगळा माल घट्ट लापशी. पावसाळ्यात ओला साचा वापराल तर शिसं तोंडावर उडेल, हे तर सांगूनही कोणी ऐकत नाही.

वर विचारतात, 'पुढची ऑर्डर कधी?'