करार अस्तित्वात नव्हता म्हणे

सरकारी इमारतीच्या वाढीव डिझाइनचं बिल लावलं होतं, सात महिन्यांनी उत्तर आलं. "उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर कालावधीत आपणाशी करार अस्तित्वात नसल्याने अतिरिक्त संकल्पन सेवांचे देयक अनुज्ञेय नाही."

अनुज्ञेय! हा शब्द ज्याने शोधला त्याला संध्याकाळी सात वाजता नाशिकच्या द्वारका चौकात, ट्रॅफिकमध्ये उभा करा. मधोमध.

करार नव्हता, बरं. मग ते चौदा महिने मला रात्री दहाला "सर, जरा एक छोटंसं" कोण पाठवत होतं? पार्किंग तीनदा फिरवलं. लिफ्ट नव्हती, ती आली, म्हणून जिना सरकला. साहेब बदलले. नव्या साहेबांना रेकॉर्ड रूम तळमजल्यावर नको, वर हवी. वर म्हणजे सगळ्या फायलींचं वजन स्लॅबवर, म्हणजे डिझाइन पुन्हा पहिल्यापासून. स्ट्रक्चरलवाल्याला मी माझ्या खिशातून दिले, कारण तो माझ्यासारखा बावळट नाही, आधी पैसे घेतो.

आणि खरी गंमत पुढेच आहे. त्याच तारखेचं, त्याच कार्यालयाचं दुसरं पत्र त्याच पाकिटात. "रॅम्पचे सुधारित नकाशे दोन दिवसांत सादर करावेत, अन्यथा होणाऱ्या विलंबास आपण जबाबदार राहाल." जावक क्रमांक लागोपाठचे! सही एकच, शिक्का एकच, टेबल एकच. पहिल्या पत्रात मी अस्तित्वातच नाही, दुसऱ्यात मी जबाबदार. पाकीट चिकटवताना तरी कुणाला हसू आलं असेल की नाही?

ठेकेदाराला दोनदा मुदतवाढ मिळाली. दंड नाही, वर भाववाढ. सिमेंट महागतं, सळई महागते. आमचं डोकं तेवढं करार झाला त्या दिवशीच्या भावात.

बिल 4,86,000 चं. मी शहाण्यासारखं रीतसर टॅक्स इनव्हॉइस दिलं, म्हणजे 18 टक्के जीएसटी माझ्या गळ्यात. 87,480 रुपये, न मिळालेल्या पैशांवर, वेळेत भरले. एका सरकारी खिडकीला माझं बिल दिसत नाही, दुसरीला मात्र लख्ख दिसतं.

अनामतीचं तर बोलूच नका. 2015 च्या सिंहस्थाच्या वेळच्या एका कामाची अनामत अजून "प्रक्रियेत" आहे. आता 2027 चा आला. बारा वर्षांत गुरू सगळ्या राशी फिरून परत सिंहेत येतो, माझी फाईल एका टेबलावरून दुसऱ्यावर जात नाही. गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की अख्खं नाशिक बघायला धावतं. माझ्या नाकातोंडात गेलं तरी कुणी पुलावर येत नाही.

वकील मित्राला फोन केला. तो खुशीत आला. 1872 च्या करार कायद्याचं कलम 70, फुकट करायचा इरादा नसताना केलेल्या कामाचा फायदा घेतला तर मोबदला द्यावाच लागतो. पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल, सुप्रीम कोर्ट, तिथे करार सरकारी रीतीप्रमाणे झालेला नव्हता, तरी बांधकामाचे पैसे द्यावे लागले. मी खुर्चीत ताठ बसलो. मग तो म्हणाला, "पण काम त्यांनी सांगितलं याचा लेखी पुरावा?" व्हॉट्सॲप. "कुठल्या फोनमध्ये?" मागच्या. "तो कुठंय?" गेल्या पावसाळ्यात खड्ड्यात. मीही आणि फोनही.

घरी आलो तर वडील चष्मा लावून तेच पत्र वाचत बसलेले. निवृत्त हेडक्लार्क. हयात नस्त्यांत गेली. मला वाटलं, बाप आहे, चिडेल. म्हणाले, "मसुदा चांगलाय. कुठे फट ठेवलेली नाही."

अण्णा!

"मुदत संपायच्या आधी मुदतवाढीचा अर्ज दिला होतास?" नव्हता दिला. साहेब म्हणाले होते, करत राहा, बघू नंतर. अण्णांनी करार मागितला, बोटाला थुंकी लावून पानं उलटली आणि एका कलमावर बोट ठेवलं. लेखी आदेशाशिवाय वाढीव काम करू नये. खाली माझी सही, चांगली ऐसपैस. गाडी नो पार्किंगमध्ये होती म्हणून उभ्या उभ्या सगळ्या पानांवर ठोकली होती, एवढं मला लख्ख आठवतं.

रात्री बसून उत्तर टाइप केलं. "सदर कालावधीत करार अस्तित्वात नसल्याने रॅम्पचे नकाशे देणे अनुज्ञेय नाही." अण्णांनी दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले आणि "माहितीस्तव प्रत" कुणाकुणाला जाईल ते सांगितलं. इतक्या आनंदात त्यांना निवृत्तीनंतर पाहिलं नव्हतं.

पत्र टेबलावर आहे. शेजारी रॅम्पचा नकाशाही आहे, एकास बाराचा उतार, रेलिंगसकट. म्हटलं, झोप येत नाहीये तर करून टाकू.

उद्या अकराला जायचंय. दोन्ही बॅगेत टाकलेत.