मयताला बोलावणं लागत नाही

लग्नाला आमंत्रण लागतं, मयताला लागत नाही. आपल्याकडचा हा नियम घट्ट धरून इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर उतरा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. बालीचं आता काही राहिलं नाही. सोसायटीतल्या दर तिसऱ्या घरात भातखाचरांवरच्या झोक्यात बसून भाड्याच्या झग्याची लांब शेपटी उडवणारा फोटो आहे. त्यावर मात करायची, तर तिथल्या तोराजा लोकांच्या डोंगरात जाऊन कुणाचं तरी मयत बघून यायला हवं. तिथे त्याला 'रांबू सोलो' म्हणतात, म्हणजे उतरता धूर. चढता धूर तो 'रांबू तुका': लग्न, वास्तुशांत वगैरे. त्याला फारसं कोणी जात नाही. वास्तुशांत काय, डोंबिवलीतही होते.

सुलावेसीतल्या मकासर शहरातून तोराजांच्या रांतेपाओ गावाला रात्रीची बस घ्या. आठ-नऊ तास लागतात, खुर्च्या ऐसपैस असतात आणि एसी असा, की स्वेटर सामानात खाली गेला असेल तर तुमचंच रांबू सोलो करायची वेळ यावी.

जायचं जुलै-ऑगस्टमध्ये. नवख्याला इथे शंका येते, की आपल्या रजेच्या हिशेबाने तिथे कोणी जाईल कसं? ही अडचण तोराजांनी तुमच्या कितीतरी आधी सोडवून ठेवलीय. माणूस गेला की लगेच उचलायची घाई नसते. भात कापून व्हावा, कालिमांतान-पापुआला नोकरीसाठी गेलेली मुलं सुट्टीवर यावीत, बळी द्यायच्या रेड्यांचे पैसे जमावेत, मग तारीख ठरते. त्यात महिने जातात, कधी वर्षं. तोवर देह घरातच, आतल्या खोलीत. पूर्वी झाडपाल्याने टिकवत, आता फॉर्मालिन टोचतात. आणि त्या माणसाला कोणी मेलेला म्हणत नाही. तो 'तो मकुला', म्हणजे आजारी माणूस. (यातला पहिला 'तो' आपला, दुसरा त्यांचा, आणि त्यांच्यात 'तो' म्हणजे माणूस.) त्याला जेवण, कॉफी, ओढणारा असेल तर सिगारेट नेऊन ठेवतात, घरात आलेला पाहुणा आधी त्याच्याशी दोन शब्द बोलतो. पहिला रेडा पडला, की तो खऱ्या अर्थाने गेला. तुम्ही मात्र बूट न काढता आत शिरा आणि खणखणीत आवाजात विचारा, "बॉडी कुठंय?" गाईडचा चेहरा पडेल. पडू दे, त्याला दिवसाचे पैसे मोजलेत.

कपड्यांचं फार मनावर घेऊ नका. घरचे आणि पाहुणे काळ्यात येतात. म्हणूनच तुम्ही टूर कंपनीचा केशरी टी-शर्ट घाला, ड्रोनमधून सापडायला बरं. ड्रोन हवाच. वरून बघितलं, की मधलं पटांगण, एका रांगेत उत्तरेकडे तोंड करून उभी 'तोंकोनान' घरं, होडीसारखी दोन्ही टोकं वर उचललेली त्यांची छपरं, समोरच्या ओळीत त्यांचीच लहान भावंडं वाटावीत अशी भाताची कोठारं आणि भोवती बांबूचे तात्पुरते मांडव, असं सगळं एका चौकटीत बसतं. खाली लोक रडत असतील तर आवाज बंद करून वरून गाणं टाकता येतं.

मांडवाला तिथे 'लांतांग' म्हणतात. कामाचा मुद्दा असा, की ते मोकळे नसतात. कुठली शाखा, कुठलं गाव, कुणाचे व्याही कुठल्या मांडवात बसणार, हे आधी ठरलेलं असतं आणि मांडवांवर नंबरही घातलेले असतात. भावकीत कुणाला कोपऱ्यातला मांडव मिळाला यावरून पुढची दहा वर्षं अबोला राहू शकतो. तुम्ही थेट सगळ्यात जवळचा, सावलीतला मांडव पकडा. कोणी उठवणार नाही. तोराजा माणूस पाहुण्याला उठवत नाही. उलट तुमच्यापुढे कॉफी आणि गोड वड्या आणून ठेवेल आणि ज्याची जागा होती तो बाहेर उन्हात उभा राहील. याला संस्कृतीची देवाणघेवाण म्हणतात.

आता आहेर. गाईड सांगेल, की जाताना सिगारेटचं एक 'स्लोप', म्हणजे दहा पाकिटांचा खोका, नाहीतर साखर किंवा कॉफी घेऊन जा. घेऊ नका. आपल्या पत्रिकांवर 'कृपया आहेर आणू नये' छापायची पद्धत आहे, आणि तुम्हाला तर पत्रिकाही आलेली नाही. शिवाय आहेर म्हणजे काय, हे तिथे एकदा बघून घेतलंत तर तुमचा साखरेचा पुडा खिशातल्या खिशात विरघळेल. पाहुणे रांगेने येतात, बायका पुढे, मागे बांबूला उलटी बांधलेली डुकरं खांद्यावर घेतलेले पुरुष, त्यांच्या मागे दोरीला धरलेला रेडा. कोण आलं, काय आणलं, ते कर्ण्यावरून पुकारतात, आणि बाजूला एक जण वहीत उतरवून घेतो: रेडा कुणाचा, कुठल्या जातीचा, शिंग हाताच्या किती लांबीचं. ही वही म्हणजे खरं रांबू सोलो. आज यांनी दिलेला रेडा उद्या त्यांच्या घरी मयत झालं की तेवढ्याच शिंगाचा परत करायचा. आपल्याला नाही जमलं तर मुलांनी करायचा. सरकारही मागे नाही. कापलेल्या जनावरामागे कर घेणारा माणूस तिथेच बसलेला असतो. आपल्या मावशीच्या वहीत 'स्टीलचा डबा, झाकणासह' अशी नोंद वीस वर्षं जपलेली असते, तिला इथे पाठवा. तुम्हाला जे तीन दिवसांत कळणार नाही ते तिला दहा मिनिटांत कळेल.

रेड्याची किंमत विचाराच. साधा काळा रेडाही स्वस्त नसतो, पण मान आहे तो 'तेदोंग बोंगा' म्हणजे बांड्या रेड्याला. त्यातही पांढऱ्या अंगावर काळे शिंतोडे आणि निळसर-पांढरे डोळे असलेला 'सालेको' असेल तर पन्नास कोटी रुपिया किंवा त्याहून जास्त पडतात. दचकू नका, एका रुपयाला पावणेदोनशेच्या वर रुपिया येतात. आपले पंचवीस लाखांच्या वर धरा. हा प्राणी नांगराला लावत नाहीत. त्याला चिखलात लोळवतात, आंघोळ घालतात, गवत कापून भरवतात आणि एक दिवस पटांगणात आणतात. बड्या घरच्या मयताला चोवीस रेडे हा सुरुवातीचा आकडा. त्यांच्या पाठीवरून जीव 'पुया'ला, म्हणजे मेलेल्यांच्या गावी जातो; रेडे कमी पडले तर रस्ता लांबतो. हा हिशेब ऐकून झाला की मान हलवून म्हणा, "एवढ्या पैशात शाळा झाली असती हो!" हे वाक्य मराठीतच म्हणा आणि फोन हातात धरून म्हणू नका, पोरीच्या लग्नातल्या संगीतासाठी घेतलेल्या कर्जाच्या ईएमआयचा मेसेज नेमका तेव्हाच येतो.

कापण्याचा दिवस हाच टूरचा मुख्य दिवस. रेड्याचा पाय खुंटीला बांधतात, दावं वर उचलून मान ताणतात आणि कोयत्याचा एकच वार गळ्यावर. हात सराईत असेल तर रेडा काही क्षणांत गुडघ्यावर येतो. नसेल, तर तो दोर तोडून सुटतो, आणि सगळ्यात पुढे ट्रायपॉड लावून बसलेला माणूस जो असतो त्याच्याच अंगावर जातो. म्हणून पुढे बसा. लहान मुलं पोकळ बांबू घेऊन रक्त धरायला धावतात, ते मोबाईलमध्ये येऊ द्या आणि लगेच ग्रुपवर टाका. आपल्याकडे सकाळचे आठ वाजलेले असतील, ग्रुपवर सगळे पोहे खात असतील.

मग मांसाचे वाटे पडतात. बांबूच्या उंच मचाणावरून नाव पुकारून वाटा खाली टाकतात. कुणाला मांडी, कुणाला डोकं, कुणाला कोणता तुकडा, हे घराण्याच्या पायरीवर ठरतं. नाव चुकीच्या क्रमाने पुकारलं गेलं तर तिथल्या तिथे चेहरे बदलतात. अशा वेळी उठून मचाणाजवळ जा आणि विचारा, "व्हेज काय आहे?" हा प्रश्न तोराजात विचारणारे आपण पहिले नाही, शेवटचेही नाही. तुम्हाला भात देतील, उकडलेली भाजी देतील आणि वर सांबाल देतील. सांबालात बहुधा 'तेरासी' असते, ती म्हणजे आंबवलेल्या जवळ्याचा वाळवलेला गोळा. "साया तिडाक माकान डागिंग", मी मांस खात नाही, हे वाक्य पाठ करून गेलात तरी तेरासी चुकत नाही, कारण जवळा हे त्यांच्या लेखी मांस नव्हे, मीठमसाला. चव लागली, "वा, काहीतरी वेगळंच आहे" म्हणालात, की मग कोणी सांगायचं नसतं.

धर्माबद्दल बोलल्याशिवाय परत येऊ नये. जुन्या रीतीला ते 'आलुक तो दोलो' म्हणतात, पूर्वजांचा मार्ग. १९६९ साली सरकारने तिला हिंदू धर्माची शाखा म्हणून मान्यता दिली, कारण सरकारी चौकटीत बसणाऱ्या धर्मांपैकी एकात तिला बसवणं भाग होतं. एवढा धागा तुम्हाला पुरे. "म्हणजे हे मूळचे आपलेच!" असं जाहीर करा. १९१३ साली तिथे डच मिशनरी आले, बहुतेक तोराजा आता ख्रिस्ती आहेत, रेडा पडण्याआधी पास्टर प्रार्थना म्हणतो आणि रात्री गोल धरून 'मा बादोंग' गातात, या फालतू तपशिलात शिरू नका. विमानात आपल्याकडच्या एका काकांनी 'सुआमी' म्हणजे नवरा आणि 'इस्त्री' म्हणजे बायको हे ऐकलेलं असतं. त्यांच्यापुढे कुठल्याही मिशनऱ्याचा टिकाव लागत नाही.

दुपारी लेमोला नेतात. उभ्या कड्यात कोरलेल्या कबरी आणि त्यांच्या सज्जात उभे 'ताउ ताउ', म्हणजे गेलेल्यांचे लाकडी पुतळे. मोठ्या घरचे फणसाच्या लाकडाचे. हात पुढे केलेले, डोळे पांढरे, बुबुळ काळं. काही सज्जे रिकामे दिसतील. सत्तरच्या दशकापासून पुढे तिथे चोऱ्या झाल्या. आजोबा रात्रीतून नाहीसे व्हायचे आणि परदेशी कलासंग्रहात प्रकट व्हायचे. म्हणून आता काही ठिकाणी लोखंडी जाळी लावलीय, काही घरांनी पुतळे घरातच आणून ठेवलेत. तुम्ही खाली दुकानात जा, वीतभर ताउ ताउची जोडी घ्या आणि विचारा, "जुना, ओरिजिनल नाही का?" मागणी टिकवणं हे गिऱ्हाइकाचं कर्तव्य आहे.

नशीब असेल तर ऑगस्टात डोंगरातल्या गावांत 'मा नेने' सापडेल. कबर उघडून वाडवडिलांना बाहेर काढतात, झटकतात, उन्हात ठेवतात, नवे कपडे घालतात. नातू आजीचा पदर सारखा करावा तसा हलक्या हाताने कॉलर सारखी करतो. नंतर घरचे सगळे शेजारी उभे राहून फोटो काढतात. त्यात तुम्हीही उभे राहा. आजीच्या खांद्यावर हात टाका. अडवणार कोण, फोटो तर तेही काढतातच की.

परतताना लोंबोक बेटावर वाट वाकडी करता येते, तेव्हा ससाक लोकांच्या सादे गावात जा. गवताने शाकारलेली ठेंगणी घरं, आत शिरताना वाकावं लागेल असं दार, आणि मातीची जमीन म्हशीच्या ओल्या शेणाने सारवलेली. कारण गाईड सांगतो: भेगा पडत नाहीत, धूळ उडत नाही, डास कमी. हे सगळं कान देऊन ऐका, "ओ माय गॉड, शेण?" म्हणा, दानपेटीत नोट टाका. ज्या आजीच्या कोकणातल्या घरात गणपतीत जमीन सारवलेली होती म्हणून तुम्ही हॉटेलात उतरला होतात, तिला फोटो पाठवायला विसरू नका.

एक गोष्ट मात्र टूरच्या कार्यक्रमात नसते, आणि ती योग्यच आहे. शेवटचा दिवस. रेडे संपलेले असतात, कर्णा बंद, निम्मे मांडव उतरवलेले. घराच्या आकाराच्या नक्षीदार डोलीत पेटी ठेवून गावकरी ती खांद्यावर घेतात. पुढे लांबच लांब लाल कापड डोक्यावर धरलेल्या बायका. डोली मुद्दाम हिंदकळत, आरडाओरडा करत, एकमेकांवर पाणी उडवत भातखाचरांच्या बांधावरून नेतात. कड्यापाशी आल्यावर आवाज थांबतो. बांबूची शिडी लावतात. दोघं-तिघं वर चढून पेटी आत सरकवतात आणि छिन्नीने महिनोन्महिने कोरलेल्या त्या भोकाला लाकडाचं लहानसं दार लावतात. बघण्यासारखं त्यात काही नसतं. तुमची गाडी आदल्या संध्याकाळीच निघालेली असते, आणि त्या वेळी तुम्ही मकासरच्या हॉटेलात नाश्त्याच्या टेबलावर, उकडलेल्या अंड्यांच्या शेजारी, ब्रेड कुठे ठेवलाय ते शोधत असता.