नांगराचा शिक्का म्हणजे आगबोट नव्हे

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतो आहे. जुन्या बाजारात मिळालेल्या चमच्यावर जहाजाचा नांगर आणि 'ईपीएनएस' ही अक्षरं दिसली तर तो इंग्रज आगबोटीवरचा शुद्ध चांदीचा. लोहचुंबकाला चिकटला नाही की खात्रीच. आणि ताराही कोरलेला असेल तर थेट टायटॅनिकवरचा. हे वाचून लोक चांदीच्या भावाने पैसे मोजतात, म्हणून लिहायलाच हवं.

नांगर हा इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या धातुपरीक्षण कार्यालयाचा शिक्का आहे, १७७३ पासूनचा. शहराला समुद्रकिनारासुद्धा नाही. ज्या चहादाणीने कधी बंदर पाहिलं नाही तिच्यावरही तो असतो. शेजारी चालता सिंह असेल तर चांदी ९२.५ टक्क्यांची, म्हणजे हजारात ९२५ भाग.

'ईपीएनएस' तर उलटच सांगतं: निकेल सिल्व्हरवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा. आतल्या धातूत तांबं, निकेल आणि जस्त. चांदी नावालाही नाही. आपल्या रुखवतातलं जर्मन सिल्व्हर ते हेच. तेही चुंबकाला चिकटत नाही, मग त्या परीक्षेला अर्थ काय? बर्मिंगहॅमचा खरा नांगर आणि 'ईपीएनएस' एकाच चमच्यावर असूच शकत नाहीत. मुलाम्याचे कारखानदार मात्र चौकटीत अक्षरं ठोकून हॉलमार्कचा भास निर्माण करत, तिथे नजर फसते.

आगबोटींवर हजारोंनी चमचे, काटे, ट्रे लागत. कंपन्या ते बहुतेक मुलाम्याचेच घेत. १८४० मध्ये या प्रक्रियेचं पेटंट घेणारी बर्मिंगहॅमची एल्किंग्टन कंपनीच टायटॅनिकच्या मालक कंपनीला, व्हाइट स्टार लाइनला, भांडी पुरवत होती.

राहिला तारा. तो व्हाइट स्टारच्या झेंड्यावरचा, एका जहाजाचा नव्हे. टायटॅनिकचीच जुळी बहीण ऑलिंपिक १९३५ पर्यंत धावली आणि तिचं सामान लिलावात विकलं गेलं. टायटॅनिकचे अवशेष सापडले १९८५ साली. तिथून वर काढलेल्या वस्तूंवर अमेरिकन न्यायालयाची देखरेख आहे. त्या चोरबाजारात येत नाहीत.

जहाजांशी जोडलेली खरी चांदी शोधायची तर मानपत्रांसोबतच्या भेटी पाहाव्यात. टायटॅनिकच्या प्रवाशांना वाचवणाऱ्या कारपेथियाचे कप्तान रॉस्ट्रन यांना वाचलेल्यांनी १९१२ मध्ये चांदीचा चषक दिला होता.

मुलाम्याचा चमचा मला कमी प्रिय नाही. टोकाला झिजून पिवळट धातू दिसतो, तो जेवणाऱ्यांच्या हातांनी उघडा पडलेला असतो. म्हणून कळकळीने सांगतो, त्यावर पुन्हा मुलामा चढवू नका.